निकालोत्तर ‘च्च्’ : पिंपळनेर परिसरातील प्रतिक्रियांचा एक अनावश्यक अभ्यास

जळगाव घरकुल प्रकरणाचा निकाल धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१९ रोजी दिला. ४८ जण दोषी ठरले. माजी मंत्री सुरेशदादा जैन यांना सात वर्षांची कैद आणि शंभर कोटी रुपयांचा दंड झाला, माजी राज्यमंत्री गुलाबराव देवकर यांना पाच वर्षांची कैद झाली. या निकालाचे कायद्याच्या अंगाने विवेचन वकिलांनी केले, राजकारणाच्या अंगाने वार्ताहरांनी केले आणि पत्रिकेच्या अंगाने ज्यांना करायचे त्यांनी केले. परंतु ही बातमी साक्री ओलांडून पिंपळनेरला पोहोचली तेव्हा टपरीवर ज्या गृहस्थाच्या हातात अर्धा चहा होता, त्याने तो प्याला खाली ठेवला की ओठांपाशीच धरून ठेवला, याची नोंद एकाही विद्यापीठाने घेतली नाही. ज्या विद्यापीठाकडून ती घेण्याची अपेक्षा करावी ते जळगावातच असल्यामुळे तटस्थतेचा प्रश्न उपस्थित झाला असता, हेही खरे. प्रस्तुत प्रबंध ही उणीव भरून काढतो. ही उणीव कोणाला जाणवली होती असे नाही. पण उणीव आधी कोणाला तरी जाणवावी लागते, असा नियम संशोधनात पूर्वीही नव्हता.

अभ्यासक्षेत्र म्हणून पिंपळनेर का, या प्रश्नाचे उत्तर आधी दिले पाहिजे. जळगावात घेतलेली प्रतिक्रिया शास्त्रीयदृष्ट्या निरुपयोगी आहे. तिथे ज्याला विचारावे तो एक तर दादांचा माणूस असतो, नाही तर दादांच्या विरोधातला असतो, नाही तर कालपर्यंत पहिल्यात असून आज सकाळपासून दुसऱ्यात गेलेला असतो. धुळ्यात न्यायालयच असल्यामुळे तिथल्या लोकांना निकालापेक्षा बंदोबस्ताचे अधिक पडलेले होते. रस्ता कुठून वळवला आणि गाडी कुठे लावायची ही त्यांची चिंता. पिंपळनेर मात्र जळगावपासून दीडशे किलोमीटरहून दूर, पांझरेच्या वरच्या अंगाला, लाटीपाड्याच्या धरणाच्या सावलीत. साक्री विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव, लोकसभेला गाव नंदुरबारला जोडलेले. म्हणजे सुरेशदादांना मत देण्याची किंवा न देण्याची संधी इथल्या माणसाला आयुष्यात एकदाही मिळालेली नाही. जळगावच्या घरकुलात इथल्या कोणाचा गाळा नाही, कोणाचा ठेका नाही. अशा ठिकाणी उमटणारी प्रतिक्रिया ही गाळलेल्या पाण्यासारखी शुद्ध असणार, हे गृहीतक. शिवाय पांझरेचे पाणी इथून धुळ्याकडे जाते आणि निकाल धुळ्याकडून इकडे आला, अशी एक सुबक देवघेवही त्यात साधते. तिचा निष्कर्षाशी काही संबंध नाही. पण प्रबंधात एक नदी असलेली बरी.

काळाबद्दलही एक इशारा आवश्यक आहे. निकालाचा दिवस शनिवार, आणि आदला शुक्रवार पिठोरी अमावास्येचा, म्हणजे पोळ्याचा. सोमवारी गणपती बसायचे होते. त्यामुळे या अभ्यासातील बहुतेक प्रतिक्रिया खापरावरच्या शिळ्या पुरणपोळ्या खाऊन दिलेल्या आहेत. भरल्या पोटी माणूस क्षमाशील होतो की सुस्त, यावर जाणकारांचे एकमत नाही. आम्ही या दोषाला ‘पुरणदोष’ असे नाव देऊन पुढे जातो. दोषाला नाव दिले की तो विचारात घेतल्यासारखा होतो, हे शास्त्राचे जुने सौकर्य आहे.

आता मुख्य विषय. बातमी ऐकल्यावर पिंपळनेरकराने सर्वप्रथम जे केले ते बोलणे नव्हे. त्याने जिभेचे टोक वरच्या दातांमागे लावले, आत थोडी पोकळी केली आणि जीभ झटक्याने सोडली. त्यातून ‘च्च्’ असा ध्वनी निघाला. ध्वनिशास्त्रात याला दंत्य क्लिक म्हणतात. दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू आणि खोसा भाषांत हा रीतसर व्यंजन म्हणून वापरला जातो. तिथे तो शब्दांच्या पोटात राहतो आणि त्याला अर्थ असतो. मराठीत त्याला वर्णमालेत जागा नाही, शाळेत शिकवला जात नाही, कोणत्याही अर्जात लिहिता येत नाही. तरीही एका माजी मंत्र्याच्या सात वर्षांच्या कैदेवर तेवढ्यात भाष्य पुरे करण्याची ताकद त्याच्यात आहे.

या ध्वनीचे प्रकार बारकाईने पाहिले पाहिजेत. एकेरी ‘च्च्’ हा पोहोच-पावतीसारखा असतो: बातमी मिळाली, पुढे काही करायचे नाही. तो करताना नजर मोबाइलवरून हलत नाही. दुहेरी ‘च्च्-च्च्’ मध्ये करुणा असते, पण ती कोणाबद्दल हे उघड नसते. ती दादांबद्दल असू शकते, जळगावबद्दल असू शकते, किंवा चहात साखर कमी पडल्याबद्दलही असू शकते. तिहेरी प्रकाराला मान डावीकडून उजवीकडे हलवावी लागते, आणि म्हणून त्याला प्रेक्षक लागतो. एकटा माणूस तिहेरी ‘च्च्’ करत नाही. हा प्रकार बहुतांशी साठी ओलांडलेल्यांनी केला, आणि त्याच्यामागून ‘या वयात?’ असे दोन शब्द आले. सत्तरी उलटलेल्या माणसाला कैद झाली की तिहेरी ‘च्च्’ करणाऱ्याचा हात आपोआप स्वतःच्या गुडघ्याकडे जातो, हे आमचे स्वतंत्र निरीक्षण.

या ध्वनीबद्दल एक अडचणही नोंदवली पाहिजे. खान्देशात हाच ध्वनी बैलाला चाल देण्यासाठी वापरतात. टपरीशेजारी एक जोडी उभी होती, शिंगांचा रंग अजून ताजा, गळ्यात काल घातलेल्या माळा सुकत आलेल्या. टपरीवरच्या मंडळींनी सामूहिक ‘च्च्’ केला आणि धुरेचा बैल दोन पावले पुढे गेला. गाडीवाल्याने त्याला थांबवले, पण निकालावर निश्चित भूमिका घेऊन कृती करणारा त्या चौकातला तो एकटाच होता, हे मान्य करावे लागेल.

‘च्च्’ न करणारे काही होते. त्यांनी श्वास आत ओढत ‘हांऽऽ’ केले. हा ‘मी म्हणतच होतो’ संप्रदाय. या संप्रदायाचे वैशिष्ट्य असे, की ते कधी, कोठे आणि कोणाला म्हणत होते याचा तपास लागत नाही. निकाल उलटा लागला असता तरी त्यांचा ‘हांऽऽ’ तेवढ्याच लांबीचा आला असता.

ध्वनीनंतर गणित. शंभर कोटी हा आकडा बोलायला सोपा आणि लिहायला अवघड. एकावर शून्ये किती, या प्रश्नावर टपरीवर दोन तट पडले. एक तट आठ म्हणत होता, दुसरा दहा. ‘कितला शून्य भो?’ हा प्रश्न पेपरच्या कोऱ्या कडेवर पेनने सोडवण्यात आला आणि उत्तर नऊ निघाले, म्हणजे दोन्ही तट सारखेच चुकले व दोघांचेही समाधान झाले. पण नऊ शून्ये पाहूनही रक्कम डोळ्यांपुढे येईना. तेव्हा ती कांद्यात मोजण्याचे ठरले, कारण या भागात कांद्याइतके विश्वासार्ह माप दुसरे नाही, फक्त भाव तेवढा विश्वासार्ह नाही. हिशेबाच्या सोयीसाठी क्विंटलला हजार रुपये धरले. शंभर कोटींचे दहा लाख क्विंटल झाले. एका ट्रॉलीत पंचवीस क्विंटल धरले तर चाळीस हजार ट्रॉल्या. ट्रॅक्टरसकट एका ट्रॉलीला आठ मीटर जागा धरली तर तीनशे वीस किलोमीटरांची रांग. म्हणजे रांगेचे तोंड पिंपळनेरहून निघून साक्री, धुळे, पारोळा, एरंडोल करत जळगावला पोहोचले, तिथून वळले आणि परत निघाले, तरी तिचे शेपूट अजून पिंपळनेरलाच. इथपर्यंत आल्यावर एकाने विचारले, की एवढे ट्रॅक्टर बाजार समितीत उभे कुठे राहतील. आणि चर्चा दंडावरून बाजार समितीच्या आवाराकडे वळली ती परत आली नाही. आमच्या मते हीच या प्रकरणातली सर्वांत समंजस चर्चा होती.

शंभर कोटींचा हा आकडा भारतीय न्यायालयांना त्याआधीही सुचलेला आहे. २७ सप्टेंबर २०१४ रोजी बंगळुरूच्या विशेष न्यायालयाने जयललितांना चार वर्षांची कैद सुनावली तेव्हाही दंड शंभर कोटींचाच होता. तुलनात्मक अभ्यासाला यापेक्षा चांगली जोडी मिळणार नाही: दंड समान, प्रतिक्रिया भिन्न. तामिळनाडूत त्या दिवशी दुकाने बंद झाली, बसवर दगड पडले, आणि दोन दिवसांनी नव्या मुख्यमंत्र्यांनी शपथ घेताना त्यांना रडू आवरेना. पिंपळनेरला कोणी रडले नाही. दुकाने दुपारी एक ते चार बंद होती, पण ती रोजच असतात. भावनेच्या बाबतीत खान्देशी माणूस कोरडवाहू असतो, असा निष्कर्ष यावरून काढण्याचा मोह होतो. तो आम्ही टाळतो, कारण त्याच माणसाला भाचीच्या लग्नात वरातीपुढे आम्ही पाहिलेले आहे.

गणिताचा दुसरा भाग वजाबाकीचा. दादांना मार्च २०१२ मध्ये अटक झाली होती, सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये जामीन दिला. म्हणजे साडेचार वर्षे आतच गेलेली. ती सातातून वजा होतात का? तेव्हा लागू असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४२८ होतात असे म्हणत होते. कलमाचा क्रमांक टपरीवर कोणाला ठाऊक नव्हता, पण वजाबाकी सगळ्यांनी बरोबर केली. शून्ये मोजताना चुकणारी मंडळी वर्षे वजा करताना चुकत नाहीत, यात काही तरी आहे. पण ते काय, हे दुसऱ्या प्रबंधासाठी राखून ठेवतो.

आता ओळखीचा सिद्धांत. मोठ्या माणसाला शिक्षा झाल्याची बातमी आली, की ऐकणारा माणूस स्वतःपासून त्या मोठ्या माणसापर्यंतचे अंतर सांगू लागतो. ‘मी पाह्यं शे त्यासले’ हे त्याचे मूळ रूप. कुठे पाहिले? जळगावला सोने घ्यायला गेलो होतो तेव्हा. सराफ बाजारातून बाहेर पडलो आणि गाडी गेली. काच काळी होती, पण आत तेच होते. दुसऱ्याने सभेत पाहिले, तिसऱ्याने लग्नात, आणि चौथ्याचा मेहुणा जळगावच्या पालिकेत काही कामाने गेला होता. १९८० पासून २०१४ पर्यंत ज्याने जळगावची आमदारकी सांभाळली, पक्ष बदलले पण मतदारसंघ बदलला नाही, त्या माणसाला कोणीच पाहिले नसते तर ते अधिक आश्चर्याचे ठरले असते. पण शिक्षेआधी जी ओळख ‘आपलेच आहेत’ अशी सांगितली जाते, ती शिक्षेनंतर ‘एकदा पाहिले होते’ इतकी आखूड होते. ती पूर्ण मात्र तुटत नाही. अपील शिल्लक असते, आणि ओळखही तेवढ्यापुरती शिल्लक ठेवलेली बरी.

ज्यांनी दादांना पाहिले नव्हते त्यांनी निदान इमारत पाहिली होती. जळगाव पालिकेची सतरा मजली इमारत हा पिंपळनेरकराच्या जळगावच्या आठवणीतला स्थायी भाग आहे. सोने घ्यायला, दवाखान्यात, परीक्षेला, कशाहीसाठी गेलेला माणूस एकदा तिच्यापुढे उभा राहून मजले मोजून आलेला असतो. मोजताना मान मागे टाकावी लागते आणि टोपी पडते. सोळा भरले म्हणणारे आहेत, अठरा म्हणणारेही आहेत. इमारत पूर्ण झाली याबद्दल मात्र कोणाचे दुमत नाही.

इतिहासाची उजळणी करणारा एक गट प्रत्येक टपरीवर असतो. त्याने २००३ काढले. अण्णा हजारे चार मंत्र्यांविरुद्ध उपोषणाला बसले, ९ ऑगस्टला, आणि त्या चारांत सुरेशदादा होते. निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचा आयोग नेमला गेला, २००५ च्या फेब्रुवारीत अहवाल आला, मार्चमध्ये दादांनी मंत्रिपद सोडले. इथपर्यंत एका बाजूने सांगितले. मग दुसऱ्या बाजूने सांगितले, की त्याच अहवालात अण्णांच्या वाढदिवसावर संस्थेचे दोन लाख वीस हजार रुपये खर्च झाल्यावरही ताशेरे आहेत. दोन्ही बाजूंनी एकाच अहवालाचा आधार घेतल्यामुळे वादाला जी खोली आली ती दोन वेगवेगळे अहवाल असते तर आली नसती. आयोग नेमणाऱ्यांना ही दूरदृष्टी होती की काय, न कळे.

यानंतर एक शुद्ध तांत्रिक अडचण उद्‌भवली. तिला आम्ही ‘गुलाबराव समस्या’ म्हणतो. शिक्षा झालेल्यांत गुलाबराव आहेत, एवढे ऐकल्यावर टपरीवरच्या एका घटकाने तत्काळ त्यांना गुलाबराव पाटील ठरवले. पाटील तेव्हा राज्यमंत्री होते आणि त्यांचा या खटल्याशी संबंध नव्हता. शिक्षा देवकरांना झाली होती. गोंधळ होण्यास परिस्थितीही जबाबदार होती: दोघे जळगाव ग्रामीणचे, २००९ साली देवकरांनी पाटलांना हरवलेले, २०१४ साली पाटलांनी देवकरांना. म्हणजे दहा वर्षे त्या मतदारसंघात कोणीही निवडून आले तरी गुलाबरावच निवडून येत होते. पिंपळनेरच्या अंतरावरून पाहिले तर आडनाव गळून पडते. खुलासा झाल्यावर ज्याने चूक केली होती त्याने अजिबात न ओशाळता विचारले, की मग दुसरे गुलाबराव आज काय म्हणाले. ही पत्रकारितेची उपजत बुद्धी होती, आणि ती वाया जात होती.

या सर्व प्रतिक्रियांचे वर्गीकरण आम्ही समाधानाने करत आणले होते, तेवढ्यात एका गवंड्याने ते बिघडवले. तो पलीकडच्या बांधकामावरून आला होता, पायाला सिमेंट, हातात भजी. त्याने बातमी ऐकली. ‘च्च्’ केला नाही. ‘हांऽऽ’ केले नाही. त्याने विचारले, घरे किती होती?

आकडे पेपरात होते. ११,४२४ घरांची योजना. हुडकोकडून ११० कोटींचे कर्ज. ठेका खान्देश बिल्डर्सला. पुरी झालेली घरे दीड हजार. ठेकेदाराला आगाऊ दिलेली बिनव्याजी रक्कम २९ कोटींच्या घरात. महापालिकेचे तत्कालीन आयुक्त प्रवीण गेडाम यांनी फेब्रुवारी २००६ मध्ये फिर्याद दिली, आणि फिर्यादीपासून निकालापर्यंत साडेतेरा वर्षे गेली.

गवंड्याने वजाबाकी केली नाही. त्याने पुन्हा विचारले, ‘ज्या दीड हजार बांधात त्यासवर स्लॅब पडेल शे का पतरा?’ उत्तर कोणाजवळ नव्हते. ‘आनी बाकीना घरे कोठे शेतस?’

हा प्रश्न कोणत्या वर्गात बसवावा हे आम्हाला ठरवता आलेले नाही. सात वर्षे, शंभर कोटी, ४८ आरोपी, दोन गुलाबराव आणि सतरा मजले या सगळ्यांवर त्या सकाळपासून बोलणे झाले होते, आणि घरांचा विषय घरकुल प्रकरणात प्रथमच निघाला होता. म्हणून शिस्तीला धरून आम्ही तो परिशिष्टात टाकला. पण गवंडी परिशिष्टात जाऊन बसेना. त्याने आपल्या धंद्यातली गोष्ट सांगितली. इथे गावात आणि पाड्यांवर पंतप्रधान आवास योजनेतून जी घरे होतात, त्यांना मैदानी भागात एक लाख वीस हजार मिळतात, तेही हप्त्याहप्त्याने. जोते झाले की फोटो. फोटो मोबाइलवरून चढतो, ठिकाणासकट, आणि मगच पुढचा हप्ता. भिंती झाल्या की पुन्हा फोटो. छत पडले की पुन्हा. घरमालकीण डोक्यावर पदर घेऊन जोत्यापुढे उभी, तिच्या मागे चार ओळी विटा, आणि रेंज नाही म्हणून ग्रामपंचायतीचा पोरगा मोबाइल वर धरून टेकाडाकडे पळतो आहे. ‘मना गिऱ्हाईकले जोतापुढे उभं राहीसन फोटू काढना पडस,’ गवंडी म्हणाला, ‘तठे २९ कोटीले कोन उभं राह्यनं व्हतं?’

टपरीवर थोडा वेळ कोणी बोलले नाही. पुरणदोष म्हणावा, तर एवढ्यात पुरण जिरले होते. शेवटी एकाने ‘जाऊ दे भो, आपले काय करनं शे’ असे म्हणून विषय सोडवला. हे वाक्य खान्देशात कोणत्याही चर्चेला लावता येणारे झाकण आहे. गवंडी भजी संपवून कामावर गेला. त्याने चहाही घेतला नाही, त्यामुळे प्याला ठेवला की धरला या मूळ प्रश्नाच्या दृष्टीने त्याची साक्ष अग्राह्य आहे.

झाकण बसल्यावर ‘वरचं कोर्ट’ निघणे अटळ होते. ‘वरला कोरटमा सुटी जाई’ हे विधान आशेचेही असते आणि निराशेचेही. सूर एकच राहतो आणि भुवया बदलतात. हे म्हणताना बोट आकाशाकडे जाते. आम्ही याचा भूगोल तपासला. धुळे आणि जळगावच्या अपिलांसाठी उच्च न्यायालयाचे खंडपीठ तेव्हाच्या औरंगाबादेत. तिकडे जायचे तर चाळीसगाव सोडल्यावर कन्नडचा घाट चढावा लागतो. म्हणजे हे कोर्ट अधिकाराने वर आहेच, समुद्रसपाटीपासूनही वर आहे. खान्देशातला माणूस बोट वर करतो ते भूगोलाला धरूनच. फक्त दिशा चुकते: पिंपळनेरला बहुतेकांचे बोट शेलबारीच्या घाटाकडे गेले, आणि तिकडून सटाण्याला जाता येते, खंडपीठाला नाही. अपील झाले, पुढे दादांना उच्च न्यायालयातून जामीनही मिळाला, हे इथे नोंदवून ठेवतो, म्हणजे बोट दाखवणाऱ्यांवर अन्याय होणार नाही.

एका विशेष प्रतिक्रियेचा उल्लेख करून निकालाच्या राजकीय बाजूची बोळवण करू. दोषींमध्ये चोपड्याचे तेव्हाचे आमदार चंद्रकांत सोनवणे होते, त्यांना चार वर्षांची कैद झाली. दोन वर्षे किंवा अधिक शिक्षा झाली की निवडणूक लढवता येत नाही, आणि लिली थॉमस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०१३ रोजी दिलेल्या निकालामुळे आमदारकीही अपिलाची वाट पाहत बसत नाही. विधानसभा निवडणूक दीड-दोन महिन्यांवर. शनिवारीच टपरीवरच्या एका म्हाताऱ्याने शांतपणे भाकीत केले, ‘आते बाईले उभं करतीन.’ ऑक्टोबरात सोनवण्यांच्या पत्नी लता सोनवणे चोपड्यातून निवडून आल्या. या म्हाताऱ्याचे पुढचे कोणतेही भाकीत आमच्या कानावर आलेले नाही. तो हल्ली टपरीवर फारसा येत नाही. अशा माणसांकडे मतदानोत्तर चाचण्यांचे काम का दिले जात नाही, हे कळत नाही.

त्याच शनिवारी रात्री एका गणेश मंडळाची बैठक होती. आरास काय करायची हा विषय पोळ्याच्या आधीपासून लोंबकळत होता. एका उत्साही कार्यकर्त्याने ताज्या घटनेवर जिवंत देखावा सुचवला: न्यायासन, पिंजरा, आरोपी, आणि मधोमध अर्धवट घर. सूचना आवडली. न्यायाधीश कोणी व्हायचे यावर तिघांनी हात वर केले. आरोपी व्हायला कोणी तयार होईना. दहा दिवस रोज रात्री चार तास गजांमागे उभे राहायचे, आणि बघायला सासरची माणसेही येणार. ज्येष्ठांनी वेगळा मुद्दा काढला. वर्गणीदारांत सगळ्या पक्षांचे लोक आहेत, आणि उद्या वरच्या कोर्टात निकाल फिरला तर पुढल्या वर्षी उलटा देखावा करावा लागेल, त्याचा खर्च कोण देणार? दोन्ही मुद्दे बिनतोड होते. थर्माकोलवर बंदी असल्यामुळे पुठ्ठ्याचे केदारनाथ करण्याचे ठरले. मागच्या वर्षीही केदारनाथच होते, पण त्यातले अर्धे पुठ्ठे गोदामात शाबूत होते.

मांडववाल्याचे काय, असे कोणी तरी विचारले. परवा गणपती बसायचे आणि मांडवाचे चार बांबू तेवढे रोवलेले होते. कोषाध्यक्ष म्हणाले, पैसे देऊन झालेत, तो येतो म्हणतो. किती दिलेत? सगळेच दिलेत, तो म्हणाला सामान आणायचे आहे. मागच्या रांगेतून कोणी तरी विचारले, की बांबूंपुढे उभे करून त्याचा फोटो काढला होता का. बैठकीत हशा पिकला. कोषाध्यक्षांनी वही मिटली आणि पुढचा विषय घेतला: आरतीची वेळ साडेसात की आठ.